पेनल्टी भरून वर नफाच राहत असेल तर ती पेनल्टी कसली? आणि रेडिओचं काय करायचं?

शिरोली_सेकंडशिफ्ट

मंडळी, एक वाद घेऊन आलोय. आमच्यात काही मिटंना.

शुक्रवार पेठेत मामांच्या माडीवर मोठा टीव्ही आहे. फॉर्म्युला वनची रेस असली की आम्ही चारपाच जण तिथंच पडीक. मामा जुने पैलवान, तालमीत वाढलेले. डीआरएस, अंडरकट असलं काही त्यांच्या डोक्यात शिरत नाही आणि त्यांना शिरवून घ्यायचंही नाही. पण कुणी कुणाला दाबलं आणि कोण उगाच रडतोय, हे त्यांना आमच्या आधी दिसतं.

परवा जुनी रेस लावली होती, २०२५ ची बार्सिलोना. शेवटच्या काही फेऱ्या. सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांना हळू फिरवणारी पुढची गाडी, आत गेली. आजूबाजूचे सगळे जास्त पकडीच्या सॉफ्ट टायरवर, व्हर्स्टापेनकडं नवा सेट उरला होता तो हार्डचा. रीस्टार्टला गाडी मागनं सटकली, लेक्लेर पुढं निघून गेला. पहिल्या वळणावर रसेल आत घुसला, गाडीला गाडी लागली आणि व्हर्स्टापेन बाहेरच्या रस्त्यानं जाऊन पुढंच राहिला. पिट वॉलवरनं, म्हणजे ट्रॅकच्या कडंला बसलेल्या संघाच्या माणसांकडनं, रेडिओवर निरोप आला, जागा परत दे. गडी भडकला. थोडं पुढं गेल्यावर रसेलला वाट देतोय असं दाखवलं आणि परत त्याच्याच अंगावर गाडी घातली. पेनल्टी म्हणून रेसच्या वेळेत १० सेकंद मिळवले. पाचवा आलेला दहावा झाला. वर लायसन्सवर ३ पेनल्टी पॉइंट, एकूण ११. बारा महिन्यांत १२ भरले की एक रेस घरी बसायचं, म्हणजे अगदी उंबऱ्यावर.

आता पुढचं ऐका. पहिल्या वळणावर जे झालं, त्याबद्दल स्ट्युअर्डांनी, म्हणजे रेसच्या पंचांनी, कारवाई केलीच नाही. म्हणजे जागा परत दे हा निरोप निव्वळ भीतीपोटी गेला होता. छोटी पेनल्टी बसेल म्हणून आधीच माघार घेतली आणि त्यातनं मोठी ओढवून घेतली.

मामा म्हणाले, "गाडी ह्यो चालवतोय का कानातला? आखाड्याच्या कडंला वस्ताद बी ओरडतोय की. पण डाव टाकायचा का न्हाई, ते आत उतरलेल्यानं ठरवायचं. हितं सगळंच कडंवरनं ठरतंय. काढून टाका म्हणावं त्यो रेडिओ."

त्यावरनं दोन तट पडले. निम्मे म्हणतात मामांचं खरं, रेडिओ बंद करा. निम्मे म्हणतात रेडिओ राहू दे, पेनल्टी वाढवा. मला हे दोन वेगळे प्रश्नच वाटत नाहीत. पाच सेकंद, दहा सेकंद ही शिक्षा आकड्यात दिलेली असते. आकडा म्हटलं की कॅल्क्युलेटर आला. पिट वॉलवर ती माणसं तेवढ्यासाठीच बसलेली आहेत. ड्रायव्हरला सांगतात, तुला पाच बसलेत, मागच्याशी सात सेकंदांचं अंतर काढ, काही बिघडत नाही. तो काढतो. संपली शिक्षा.

२०२४ ची जेद्दा आठवा. हास संघाच्या मॅग्नुसनला आधी आल्बनला धडकल्याबद्दल १० सेकंद, मग त्सुनोडाला ट्रॅकबाहेरून मागं टाकल्याबद्दल आणखी १०. वीस सेकंद डोक्यावर म्हटल्यावर त्याची स्वतःची रेस तिथंच संपली. मग पठ्ठ्यानं मागची सगळी रांग तुंबवून धरली. तेवढ्यात पुढं जोडीदार ह्युल्केनबर्गनं अंतर काढलं, टायर बदलायचा पिट स्टॉप उरकला आणि दहावा येऊन हासला त्या मोसमातला पहिला पॉइंट आणून दिला. पेनल्टी एकाच्या नावावर, पॉइंट संघाच्या खात्यात. कानात कुणी बोलत नसतं तर हे इतकं नीट जमलं असतं?

तर प्रश्न असा: रेडिओ पूर्ण बंद, फक्त सुरक्षेपुरता चालू, की आहे तसा? आणि आहे तसाच ठेवायचा असेल, तर हिशोबात न बसणारी पेनल्टी कुठली?

राजारामपुरी_आठवी

भावा, मामांना सांग, तो प्रयोग झालाय. फसलाय.

२०१६ ला एफआयएनं, म्हणजे खेळाच्या जागतिक संघटनेनं, रेडिओवर जवळजवळ कुलूपच घातलं होतं. आधार कुठला, तर ड्रायव्हरनं गाडी एकट्यानं आणि कुणाच्या मदतीशिवाय चालवायची, हा नियमावलीतला जुना नियम. वाचायला एकदम मर्दानी वाटतं. पण त्या हायब्रिड गाडीचं स्टिअरिंग बघितलंयस का? नुसती बटणं आणि फिरवायच्या चकत्या. मेनूच्या आत मेनू.

बाकूला हॅमिल्टनच्या इंजिनाचं सेटिंग चुकीच्या जागी अडकलं. तो विचारतोय, काय बदलू? इंजिनिअर म्हणतोय, सांगता येत नाही. ताशी तीनशेच्या वर गाडी आणि ह्याचं डोकं खाली, स्टिअरिंगच्या पडद्यात. रायकोनेनचीही त्या दिवशी तीच तऱ्हा. ही सुरक्षा?

ऑस्ट्रियात शेवटच्या फेरीत पेरेझचे ब्रेक गेले, गाडी भिंतीत. ब्रेक संपत आलेत हे संघाला दिसत होतं, पण नियमामुळं त्याला सांगता आलं नाही, असं संघाचं म्हणणं.

आणि सगळ्यात कहर हंगेरीला. जेन्सन बटन या ड्रायव्हरचं ब्रेकचं पेडल तळाला जायला लागलं. संघानं त्याला काय करायचं ते सांगितलं, म्हणून ड्राइव्ह-थ्रू, म्हणजे पिट लेनमधनं ठरलेल्या वेगात जाऊन यायची शिक्षा. तो रेडिओवरच विचारतोय, ब्रेकचं पेडल खाली जाणं हा सुरक्षेचा प्रश्न धरत नाहीत का? पुढच्याच जर्मनीच्या रेसपासनं एफआयएनं ते कुलूप काढलं. फॉर्मेशन लॅप (स्टार्टच्या आधीची फेरी) सुरू झाल्यापासनं रेस सुटेपर्यंतचं बंधन तेवढं ठेवलं, कारण क्लचचं सेटिंग आणि स्टार्ट ड्रायव्हरनं स्वतः मारावा. ते पटतं.

तेव्हा रेडिओ राहू दे. विषय संपला.

शिरोली_सेकंडशिफ्ट

संपला कसला? त्याच वर्षीचं सिल्व्हरस्टोन विसरलास काय? माझा सगळा मुद्दा तिथं आहे.

रेस संपत आलेली. मर्सिडीजचा रोझबर्ग दुसरा, गाडी सातव्या गिअरला अडकली. मर्सिडीजनं रेडिओवर सांगितलं, अमुक डिफॉल्ट सेटिंग कर, सातवा गिअर टाळ. त्यानं विचारलं म्हणजे काय, तर म्हणे त्यातनं पटकन पुढं जा, थांबू नको. गाडी शेवटपर्यंत पोचली. स्ट्युअर्ड म्हणाले, काही सूचना चालण्यासारख्या होत्या, पण संघ त्याच्या पुढं गेला. १० सेकंद. रोझबर्ग दुसऱ्याचा तिसरा झाला, व्हर्स्टापेन वर सरकला.

आता वहीपेन घे. दुसऱ्या नंबरला १८ पॉइंट, तिसऱ्याला १५. म्हणजे शिक्षा झाली ३ पॉइंटची. आणि तो निरोप गेला नसता, गिअरबॉक्स तिथंच बसला असता तर? शून्य. म्हणजे ३ देऊन १५ वाचवले.

वर्षाच्या शेवटी काय झालं? रोझबर्ग ३८५, हॅमिल्टन ३८०. पाच पॉइंटनं जगज्जेता. त्यातले १५ काढून बघ.

गाडी नक्की थांबलीच असती असं मी म्हणत नाही. कदाचित त्यानं चाचपडत स्वतःच काढलं असतं, कदाचित एकदोन जागा जाऊन पोचला असता. पण नियम मोडून मिळालेली गोष्ट त्याच्याकडंच राहिली आणि वरची किरकोळ रक्कम तेवढी कापली गेली. ह्याला मी शिक्षा म्हणत नाही. नियम बरा की वाईट, हा तुझा मुद्दा वेगळा. बाकूचं मला मान्यच आहे. पण नियम असताना तो मोडायला परवडत होतं, हे तर दिसतंय ना? मर्सिडीजनं अपील करू म्हणून आधी सांगितलं आणि नंतर सोडून दिलं. मी त्यांच्या जागी असतो तर तिसऱ्या नंबरला नमस्कार करून गप घरी गेलो असतो.

निळा_झेंडा

पोरांनो, मी कार्टिंगच्या शर्यतींना मार्शल म्हणून उभा राहत आलोय, त्या बाजूनं दोन गोष्टी सांगतो. आपल्या कोल्हापूरला कार्टिंग नवं नाही. मोहिते ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्यात. आपला कृष्णराज महाडिक पार ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन आला. तेव्हा पेनल्टीवरची भांडणं आम्ही टीव्हीवर नाही, कानाखाली ऐकलीत.

पहिली गोष्ट. स्ट्युअर्ड चूक बघतात, चुकीचा परिणाम बघत नाहीत. लोकांना नेमकं हेच पचत नाही. २०२१ चं सिल्व्हरस्टोन घ्या. पहिल्याच फेरीत कॉप्सच्या वळणावर हॅमिल्टनचं चाक व्हर्स्टापेनला लागलं. एक जण ५१ जी चा दणका खाऊन इस्पितळात, दुसऱ्याला १० सेकंद. आणि त्यानं ते पिटमध्ये भरले, शेवटून दोन फेऱ्या राहिल्या असताना लेक्लेरला गाठलं आणि रेस जिंकली. सगळी दुनिया बोंबलली. पण उलट बाजूनं विचार करा. तोच धक्का, तीच चूक, आणि व्हर्स्टापेनची गाडी नुसती गिरकी घेऊन परत ट्रॅकवर आली असती, तर शिक्षा कमी करायची? मग शिक्षा चुकीला झाली की नशिबाला?

कार्टमध्ये पुढचा प्लास्टिकचा बंपर असतो. ठोकर बसली की तो क्लिपमधून सरकून आत जातो. आंतरराष्ट्रीय नियमात तो जागेवर नसेल तर ५ सेकंद. जाणूनबुजून मारलं की चुकून, पुढचा पडला की वाचला, काही विचारत नाहीत. पोरं रडतात, बाप लोक अंगावर येतात, पण सगळ्यांना आधीपासून माहीत असतं. शिक्षा थोडी कमीजास्त असली तरी चालते, ठरलेली असली पाहिजे.

दुसरी गोष्ट, शिक्षेचा निरोप वेळेत आणि स्पष्ट गेला पाहिजे. १९९८, परत सिल्व्हरस्टोन. शूमाकरनं सेफ्टी कारखाली वुर्झला मागं टाकलं. स्ट्युअर्डांनी फेरारीला कळवायचं २५ मिनिटांत, कळवलं ३१ मिनिटांनी. तेही हातानं लिहिलेला कागद. १० सेकंद थांबायचं की वेळेत १० सेकंद मिळवायचे, काही कळंना. फेरारीनं काय करावं? शेवटच्या फेरीला गाडी पिटमध्ये घेतली. फिनिशची रेघ पिट लेनमधूनही जाते. रेघ ओलांडून रेस जिंकली आणि मग आपल्या जागेवर जाऊन शिक्षा भोगली! मॅक्लारेननं तक्रार केली, उपयोग झाला नाही. पेनल्टीच रद्द झाली आणि त्या तिन्ही स्ट्युअर्डांनी आपले परवाने परत केले.

रेडिओचं म्हणाल, तर आमच्या पोरांच्या कार्टिंगला रेडिओ नसतो. त्यानं काय फरक पडतो? जाळीजवळ उभं राहून बापाचे हातवारे चालू. आता घुस, आता थांब, टायर जप. त्यातल्या निम्म्या पोरांचं लक्ष वळणापेक्षा बापाकडं जास्त.

स्नेहा_वायरिंग

काका, तुमचा शेवटचा मुद्दाच पुढं नेते. मी इलेक्ट्रॉनिक्सची, कॉलेजच्या बाहा टीममध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांनी गाडी बनवायच्या स्पर्धेत, वायरिंग माझ्याकडं होतं. त्यामुळं रेडिओ म्हटलं की मला आधी प्रश्न पडतो, ऐकतंय कोण?

फॉर्म्युला वनमध्ये गाडीकडून पिटकडं डेटाचा पूर वाहत असतो, पण पिटमधून गाडीत परस्पर काही बदलता येत नाही. दोन्हीकडून बदल करता येणारी टेलिमेट्री २००३ पासून बंद आहे. म्हणजे पडद्यावर सगळं दिसतंय आणि हात मात्र ड्रायव्हरचाच. मधला एकच पूल, आवाज. तो तोडला की बाकू होणार, हे दादांनी वर लिहिलंच आहे.

पण तो आवाज खासगी नाही. एफआयए ऐकते, दुसरे संघ ऐकतात, आपण टीव्हीवर थोडा उशिरा ऐकतो. म्हणून मला रेडिओ हा साक्षीदार वाटतो. २००९ चं मेलबर्न बघा. शेवटी सेफ्टी कार होती, ट्रुली घसरून बाहेर गेला, हॅमिल्टन पुढं आला. मॅक्लारेननंच त्याला ट्रुलीला पुढं जाऊ दे असं सांगितलं. त्यानं वाट दिली. मग स्ट्युअर्डांसमोर मात्र आम्ही तसं सांगितलंच नव्हतं असा पवित्रा. ट्रुलीला शिक्षा, हॅमिल्टन तिसरा. नंतर रेडिओची टेप ऐकली, हॅमिल्टननं रेसनंतर दिलेली मुलाखत ऐकली, आणि सगळं उलटलं. हॅमिल्टन अपात्र, ट्रुलीला तिसरा नंबर परत. टेप नसती तर खोटं पचलं असतं.

आणि बंदी घातली की माणसं सांकेतिक बोलायला लागतात. २००२ ला ऑस्ट्रियात बॅरिकेलोनं शूमाकरसाठी जिंकत आलेली रेस सोडली, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, मग संघाच्या आदेशांवर बंदी आली. २०१० ला हॉकेनहाइमला फेरारीचा इंजिनिअर मॅसाला काय म्हणाला? फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगात आहे, कळलं का? बस. आदेश नाहीच, नुसती माहिती! फेरारीला १ लाख डॉलर दंड झाला, पण निकाल तसाच राहिला, अलोन्सोचे २५ पॉइंट तसेच. पुढच्या वर्षीपासून बंदीच उठवली. जी बंदी राबवता येत नाही ती नुसता दंड गोळा करते. शिरोलीवाल्या दादांच्याच बाजूनं जातंय हे, पण त्यांच्या मामांच्या विरुद्ध.

रंकाळा_पॅडक

एवढ्या गंभीर चर्चेत एक शंका. रेडिओवर शिवी दिली तर एफआयए दंड लावणार म्हणत होते ना? २०२५ च्या सुरुवातीला मूळ दंड १०,००० युरो होता. मे महिन्यात ५,००० वर आणला आणि पत्रकार परिषदेतली शिवी वेगळी, हेल्मेट घालून गाडीत दिलेली वेगळी, असा भेद केला.

आपल्याकडच्या पोराला फॉर्म्युला वनमध्ये घालायचं म्हणजे स्पॉन्सर आधी त्या दंडासाठी शोधावा लागेल. पहिल्या वळणापर्यंतच बजेट संपायचं.

राजारामपुरी_आठवी

आणि भाषांतर करून स्ट्युअर्डांना समजावून सांगणार कोण? तेच दंड भरून बाहेर पडतील.

बुलेट_कागल

तुम्ही सगळे चारचाकीतच अडकलाय म्हणून हा घोळ. मोटोजीपी बघा की. तिथं रायडरच्या कानात रेसभर कुणी बडबडत नाही. पिटच्या भिंतीवरनं पाटी दाखवायची आणि डॅशबोर्डवर येतील तेवढे संदेश. बाकी सगळं गड्यानं स्वतः बघायचं. २०२३ ला बुद्ध सर्किटवर बेझेकी जिंकला, तो काय इंजिनिअरला विचारून वळत होता?

आणि पेनल्टी कशी पाहिजे ते २०१९ पासनं तिथं आहे. लाँग लॅप. एका वळणाच्या बाहेरच्या बाजूला रंगानं आखलेली लांबची वाट असते. शिक्षा झाली की ठरलेल्या फेऱ्यांच्या आत त्या वाटेनं जाऊन यायचं. दोनतीन सेकंद जातात, पण खरी गंमत सेकंदांत नाही. तुझ्या मागनं येणारे दोघंतिघं डोळ्यांदेखत आतनं निघून जातात. आता त्यांना परत गाठ, परत धोका पत्कर. आणि त्या वाटेवर धूळ असते, जोरात गेलास तर आडवा. रेस संपल्यावर कुणाच्या टाइममध्ये काय मिळवायचं ही भानगडच नाही. जो पुढं दिसतोय तो पुढं आहे.

शिरोलीकर, हिशोबात न बसणारी पेनल्टी विचारलीस ना? ही घे.

शिरोली_सेकंडशिफ्ट

बुलेटभाऊ, हे आवडलं. पाच सेकंद हवेत राहतात म्हणून त्यांचा हिशोब होतो. जागा गेली की हिशोब नाही, परत लढावंच लागतं. मोकळ्या हवेत अंतर काढणं वेगळं आणि ट्रॅफिकमध्ये सापडणं वेगळं.

काकांचं एक पटलं आणि एक नाही. परिणाम बघू नये, ठीक. पण फायदा तर बघाल? समोरच्याचं किती नुकसान झालं ते सोडा, पण नियम मोडणाऱ्याच्या पदरात काय पडलं हे मोजायला काय हरकत आहे? ट्रॅकबाहेरून जाऊन पुढं आलास तर आधी जागा परत, मग वरची शिक्षा. आत्ता होतं काय, की पाच सेकंद घे आणि जागा ठेव. २०२४ ला ऑस्टिनला मॅक्लारेनच्या नॉरिसचं उलटं झालं, तो शेवटी ट्रॅकबाहेरून व्हर्स्टापेनच्या पुढं गेला, मॅक्लारेननं जागा परत द्यायला लावली नाही, ५ सेकंद बसले आणि तिसऱ्याचा चौथा झाला. तिथं पिट वॉलचा हिशोब चुकला. पण तो हिशोबच होता ना? एकाचा फसला म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही.

स्नेहाताई, साक्षीदाराचा मुद्दा मात्र माझ्या डोक्यात आला नव्हता. रेडिओ बंद करा म्हणणाऱ्या आमच्या तटात आता मामा एकटेच उरणार बहुतेक.

राजारामपुरी_आठवी

लाँग लॅप सगळं खरं. मोनॅकोच्या गल्लीबोळातल्या ट्रॅकवर कुठं आखणार? समुद्रात?

निळा_झेंडा

मोनॅकोचं नाव काढलंत म्हणून सांगतो, तुमच्या सगळ्या वादाचं पीक तिथंच निघालंय. २०२५ ची रेस. त्या वर्षी तिथं दोन पिट स्टॉप सक्तीचे केले होते. पुढं जायला जागा नाही म्हटल्यावर संघांनी काय केलं? एकानं हळू चालवून मागची रांग अडवायची, म्हणजे पुढच्या जोडीदाराला पिट करून परत बाहेर यायला मोकळी जागा मिळते. लॉसननं हाजारसाठी केलं, विल्यम्सच्या आल्बन आणि सैन्झनं एकमेकांसाठी केलं.

आल्बनच्या मागं रसेल अडकलेला. वैतागला आणि शिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणं) कापून सरळ पुढं. जागा परत दे म्हटल्यावर रेडिओवर म्हणाला, मी पेनल्टी घेईन. शिरोलीकर म्हणतो तोच हिशोब, ड्रायव्हरनं स्वतःच्या तोंडानं बोलून दाखवलेला. नेहमीचे दहा सेकंद बसतील असं त्याला वाटलं असणार.

पण जाणूनबुजून शिकेन कापलं तर नेहमीपेक्षा जड शिक्षा देऊ, हे आधीच सांगून ठेवलं होतं. थेट ड्राइव्ह-थ्रू. पिट लेनमधून ठरलेल्या वेगात जायचं, टायर बदलायचा नाही, काही नाही, आणि सगळी रांग समोरून निघून गेलेली बघायची. लाँग लॅप आखायला जागा नसेल तिथं पिट लेन तर असतेच.

स्नेहा_वायरिंग

काका, आणि मुद्दाम केलं हे सिद्ध करायला वेगळा पुरावाच लागला नाही. तो स्वतःच बोलला होता.

शिरोली_सेकंडशिफ्ट

हेच पाहिजे होतं. मग नियम साधा करा: चूक झाली तर सेकंद, हिशोब करून मोडला तर ड्राइव्ह-थ्रू. रेडिओ चालू ठेवा आणि स्ट्युअर्डांनी कान देऊन ऐकावं.

राजारामपुरी_आठवी

मग शहाणा ड्रायव्हर बोलायचाच नाही. गप कापेल आणि म्हणेल ब्रेक लागले नाहीत.

शिरोली_सेकंडशिफ्ट

ब्रेकचा दाब, पेडल, थ्रॉटल सगळं टेलिमेट्रीत दिसतंय भावा. ताईंनी वर काय लिहिलंय ते वाच.

बुलेट_कागल

ते सगळं ठीक. पण त्या रेसचा निकाल काय लागला तेही सांगा की काका. नियम मोडला तो रसेल अकरावा, एकही पॉइंट नाही. आणि ज्यानं सगळ्यांना रिक्षाच्या वेगानं फिरवलं तो आल्बन नववा, त्याचा जोडीदार सैन्झ दहावा. दोघांनाही पॉइंट. हळू चालवायला बंदी कुठल्या नियमात आहे?

निळा_झेंडा

नाही ना. म्हणूनच माझ्या हातात त्यासाठी कुठला झेंडाही नाही.